मदत हवी आहे: खाडीतल्या जिताडा स्पर्धेत दुपारच्या वाऱ्याचं काय करायचं?

लोकलमधला गळ

नमस्कार मंडळी,

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्या गरवणाऱ्या ग्रुपची छोटी स्पर्धा आहे. जागा मनोरी खाडी, वेळ सकाळी ७ ते दुपारी ३. एका फायबरच्या होडीत दोन गरवणारे आणि तांडेल, म्हणजे होडी चालवणारा. फक्त ल्यूर (नकली आमिष) चालणार, जिवंत कोळंबी किंवा बोय लावायची नाही. जिताडा मोजपट्टीवर ठेवून फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. सर्वांत लांब तीन माशांच्या लांबीची बेरीज धरणार. जोडीला माझा मेहुणा आहे. माणूस उत्साही, पण बेटकास्टिंग रील नवीन घेतलंय आणि ते कुणाला हात लावू देत नाही.

अडचण वाऱ्याची. सकाळी खाडी शांत असते, जिथे बघू तिथे ल्यूर पडतो. अकरा-साडेअकराला समुद्रावरून वारा सुटला की सगळा खेळ बिघडतो. होडी आडवी होऊन वाहत जाते, एका जागी दोन कास्टसुद्धा धड होत नाहीत. हलका मिन्नो (छोट्या माशाच्या आकाराचा ल्यूर) हवेतच कोलांटी घेतो. दोरीला एवढा पोट येतो की माशाने ओढलं की वाऱ्याने, काही कळत नाही. मेहुण्याच्या रीलवर दर चौथ्या कास्टला गुंता.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या बास स्पर्धांचे व्हिडिओ पाहतो. तिकडचे लोक एकच सांगतात: वारा ज्या काठावर आपटतो त्या काठावर जा, मासा तिथेच असतो. आपला जिताडाही सीबासच, म्हणून ते इथे चालेल का? की वारा सुटला की आडोसा धरावा? नांगर टाकावा की वाहत जाऊन गरवावं? कुणी या खाडीत किंवा वसई, उरणकडे दुपारी गरवलं असेल तर नीट सांगा.

---

पागवाला

वाऱ्याचं नंतर बघू, आधी तिथी बघा. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी म्हणजे वद्य द्वितीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा आपल्याकडचा जुना हिशोब. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडच्या आसपास पूर्ण भरती आणि सकाळी सातच्या सुमाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. मिनिटांसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, पण बेत आखायला एवढं पुरे.

आता वारा त्यावर ठेवा. मार्चमध्ये मुंबईला सकाळी जमिनीवरचा मतलई वारा असतो, तोही नावापुरता. जमीन तापली की अकरा-बाराच्या दरम्यान खारा वारा सुरू होतो, पश्चिम-वायव्येकडून, आणि दुपारी दोन ते चारमध्ये जोरात असतो. तुमच्या दिवशी साडेअकरा ते दीड पाणीही आत येतंय आणि वाराही आत ढकलतोय. मार्वे-मनोरीच्या पट्ट्यात तेव्हा लाट फारशी उठणार नाही, होडी मात्र सुसाट आत जाईल. दीडनंतर पाणी बाहेर निघालं की उलटं. ओहोटी समुद्राकडे, वारा समुद्राकडून, आणि नुकतीच पौर्णिमा झालेली म्हणून उधाणाचं पाणी. मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. तेवढाच वारा अष्टमीच्या दुपारी असेल तर भीती वाटत नाही, कारण तेव्हा दुपारी भरती चालू असते.

म्हणून ‘वाऱ्यात काय करायचं’ या प्रश्नाला खाडीत एक उत्तर नसतं. दीडच्या आधी एक आणि दीडनंतर दुसरं.

आत वळल्यावर खाडी उत्तरेकडे जाते, तिथे वारा आडवा लागतो. गोराईच्या बाजूच्या काठाला तिवरांचा आडोसा मिळतो, समोरचा चारकोप-बोरिवलीकडचा काठ वारा खातो. बारानंतर मी तरी गोराईचा काठ सोडत नाही.

---

ह्यूस्टनची काकू

मी मूळची दादरची, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये. आम्ही नवरा-बायको इथल्या क्लबच्या बास स्पर्धांमध्ये उतरतो, म्हणून त्या व्हिडिओंबद्दल सांगते.

ती माणसं खोटं बोलत नाहीत, पण ती तळ्यांबद्दल बोलतात. तिथला लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला. धरणाच्या तळ्यात भरती-ओहोटी नाही, त्यामुळे पाणी हलवायला मुख्यतः वाराच. तो काही तास एका दिशेने वाहिला की वरचं पाणी, त्यातलं सूक्ष्म अन्न आणि त्यामागची बारीक मासळी एका काठाला जमते, आणि बास तिच्यामागे येतो. शिवाय पाणी हलल्यामुळे उजेड फुटतो, माशाला होडी आणि दोरी नीट दिसत नाही. म्हणून काठावर फिरत्या पात्याचा स्पिनरबेट नाहीतर क्रँकबेट असे ल्यूर मारतात. नितळ पाण्यात हे फार चालतं.

तुमच्या खाडीत पाणी हलवायला भरती आहे, आणि ती वाऱ्यापेक्षा कितीतरी जोरकस. गढूळ पाण्यात माशापासून लपायची गरजही नाही. म्हणजे त्या सल्ल्याची दोन्ही कारणं तुमच्याकडे लंगडी पडतात.

आणखी एक. व्हिडिओतल्या होडीला पुढे इलेक्ट्रिक मोटर असते, ती उपग्रहावरून जागा धरून ठेवते. बटण दाबलं की होडी वाऱ्यातही हलत नाही. ते लोक दोन्ही हात मोकळे ठेवून बोलतात, तेव्हा ते सोपं वाटतं.

त्यांच्याकडून घ्यायचं ते दुसरंच. वारा आला की वजन वाढवतात, रॉडचं टोक पाण्याजवळ आणतात, आणि आडव्या वाऱ्यात कास्ट करायचं टाळतात. एक तर वाऱ्याच्या पाठीवर, नाहीतर सरळ वाऱ्याच्या तोंडावर. दोरीला पोट येतो तो आडव्या वाऱ्यानेच.

---

खाजण

काकूंशी बहुतेक सहमत, पण मी वाऱ्याचा काठ पूर्ण सोडणार नाही. चारकोपच्या बाजूला मी बोयींचे थवे दुपारी काठाला दाबलेले पाहिलेत आणि त्यांच्यात जिताड्याचा हबकाही ऐकलाय. मासा तिथे असतो.

पण तिथेच सगळं प्लास्टिकही असतं. एकदा तिथे ल्यूर टाकून बघा. पहिल्या ओढीला दुधाच्या पिशवीचा कोपरा, दुसऱ्या ओढीला निर्माल्याच्या पिशवीचा बंद, तिसऱ्या ओढीला ट्रेबल हुकमध्ये, म्हणजे तीन टोकांच्या गळात, गुटख्याची पुडी. मासा काढण्यापेक्षा हुक साफ करण्यात वेळ जातो. टेक्सासच्या तळ्यात ही भानगड नसावी.

तिथे जायचंच असेल तर ट्रेबल हुकचा ल्यूर ठेवा बाजूला. सॉफ्ट प्लास्टिकचा मासा, हुकचं टोक प्लास्टिकच्या आत लपवलेलं, १५-२० ग्रॅमचं डोकं. कचऱ्यातून सरकत येतो.

---

पागवाला

@खाजण, मासा असतो हे मान्य, पण होडी कुठे उभी करणार? वारा त्याच काठावर ढकलतोय. तांडेल इंजिन चालू-बंद करत बसणार आणि त्या आवाजाने दोन हात पाण्यातला मासा पळणार. स्पर्धेत ते परवडत नाही.

---

गुंता सोडवणारा

कास्टिंगचं मी सांगतो, कारण मेहुण्याची दया आली.

बेटकास्टिंग रीलमध्ये स्पूल स्वतः फिरतो. ल्यूर वाऱ्याने हवेत थांबला तरी स्पूल फिरतच राहतो, जास्तीची दोरी सुटते आणि गुंता होतो. वाऱ्याच्या तोंडावर कास्ट करताना ब्रेकचा आकडा वाढवायचा, स्पूलचा ताण किंचित कसायचा आणि अंगठा स्पूलवरून उचलायचाच नाही. ल्यूर पाण्याला टेकायच्या आधी अंगठ्याने स्पूल थांबवायचा. अंतर कमी मिळेल, मिळू दे. हे त्याला पटत नसेल तर बारा वाजता त्याच्या हातात स्पिनिंग रील द्या आणि वर काही बोलू नका.

स्पिनिंगवर वेगळा रोग. ब्रेडेड दोरी सैल भरली गेली की पुढच्या कास्टला वेटोळ्यांची गाठ बाहेर येते. वाऱ्यात हे हमखास, कारण ल्यूर पडल्यावर दोरी सैल असते आणि आपण तशीच गुंडाळतो. ल्यूर पाण्याला टेकला की बेल (रीलवरची दोरी अडवणारी तारेची कडी) हाताने बंद करायचा, दोरी दोन बोटांत धरून एकदा ताणायची, मग हँडल फिरवायचं. स्पूल काठोकाठ भरू नका, दोन-एक मिलिमीटर कडा रिकामी ठेवा.

डोक्यावरून कास्ट करू नका. बाजूने, कमरेच्या उंचीवर, ल्यूर पाण्यालगत जाईल असा. पाण्यालगत वारा कमी असतो. होडीत तिघं आहात, तेव्हा मागे कोण आहे ते दर वेळी बघा आणि सगळ्यांनी गॉगल घाला. वाऱ्याने परत आलेला २० ग्रॅमचा ल्यूर डोळ्याजवळून गेलेला मी पाहिलाय, तेवढं पुरे.

ल्यूर: मिन्नो सकाळी. वारा आला की खुळखुळा असलेला लिपलेस (तोंडाला पट्टी नसलेला ल्यूर) किंवा जड डोक्याचा सॉफ्ट प्लास्टिक. गढूळ पाण्यात जिताड्याला आवाज आणि धक्का जाणवतो, रंगाचा फार विचार करू नका. लीडर (ल्यूरच्या आधीचा जाड दोरीचा तुकडा) ४० पाउंडाच्या खाली नको, त्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी कापते. हा मासा तोंड उघडून पाण्यासकट आमिष ओढून घेतो, त्यामुळे वाऱ्यात पहिला धक्का कळत नाही. दोरी एका बाजूला सरकलेली दिसली किंवा अचानक सैल पडली की ओढाच.

---

लोकलमधला गळ

सगळ्यांचे आभार. तिथीचा हिशोब माहीत होता, पण तो वाऱ्याशी जोडून पाहिला नव्हता.

नांगराचं राहिलं. तांडेलकाका म्हणतात, चिखलात नांगर रुतला तर काढायचा कोण, त्यापेक्षा मी इंजिनवर धरतो. ऐकावं का त्यांचं? आणि दीडनंतर नक्की कुठे थांबावं?

---

पागवाला

तांडेलकाकांचं बरोबर आहे, पण अर्धं. भरतीच्या जोरात मधल्या पात्रात नांगर टाकायचा नाही, आणि मार्वे-मनोरी फेरीबोटीच्या वाटेत तर अजिबात नाही. काठाजवळ, दीड-दोन वाव (नऊ-बारा फूट) पाण्यात, जिथे आडोसा आहे तिथे टाका. दोरी खोलीच्या चार-पाच पट सोडा, आखूड दोरीवर नांगर घसरतो. दोरी नेहमी नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बांधायची. मागून बांधली तर लाट इंजिनच्या बाजूने आत येते, आणि छोटी होडी अशी भरायला वेळ लागत नाही. नांगराच्या काट्यांच्या बाजूला आणखी एक दोरी बांधून ठेवली तर रुतलेला नांगर उलट ओढून निघतो, काकांना हे सांगून बघा. तिवराच्या फांदीला होडी बांधू नका. फांदी मोडते, आणि कांदळवनाला हात लावणं गुन्हा आहे.

वाहत जायचं असेल तर नाळेला दोरी बांधून एक बादली पाण्यात सोडा. होडी वाऱ्याकडे तोंड करून हळू सरकते, आडवी होत नाही. दोन बादल्या असतील तर उत्तम.

दीडनंतर: भरतीला तिवरांत शिरलेली बारीक मासळी आणि कोळंबी ओहोटीबरोबर छोट्या ओहोळांतून बाहेर पडते. ओहोळ जिथे मुख्य खाडीला मिळतो तिथे जिताडा तोंड करून उभा असतो. गोराईच्या बाजूचे असे ओहोळ आदल्या आठवड्यात सुकतीला जाऊन बघून ठेवा, भरतीला ते ओळखू येत नाहीत. ओहोळाच्या खालच्या अंगाला, आडोशात, नांगरावर थांबा आणि ल्यूर ओहोळात टाकून पाण्याबरोबर बाहेर येऊ द्या. वारा तिवरांच्या डोक्यावरून जातो, तुमची दोरी खाली शांत असते. माझ्या मते तुमची स्पर्धा त्या दीड तासात आहे. सकाळच्या शांत पाण्यात सगळेच गरवतील.

---

ह्यूस्टनची काकू

एक सुरक्षेचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी १२ किलोमीटरला जी होडी निमूट बसते, ती २४ ला तशी बसत नाही. इथे स्पर्धेत मोठं इंजिन चालू असताना लाइफ जॅकेट घालावंच लागतं, आणि २०२१ पासून छोट्या मोटरबोटींवर इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवणं कायद्याने सक्तीचं आहे. तुमच्या आउटबोर्डला (होडीच्या मागे लावलेल्या इंजिनला) ती लाल दोरी असते, बहुतेक वेळा हँडलवर गुंडाळून ठेवलेली. तांडेल पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून ती आहे. काकांना मनगटात अडकवायला सांगा.

---

लोकलमधला गळ

बेत असा ठरतोय. सात ते अकरा मार्वेच्या बाजूने मिन्नो. अकराला काठावरची पानं हलली की लगेच आत, गोराईच्या काठाला. दीडपर्यंत बादली लावून तिवरांच्या कडेने सरकत जड ल्यूर. दीडला ओहोळ. मेहुण्याला स्पिनिंग रील मी माझ्या नावाने घेऊन जातो.

एकच शंका. तीनला मार्वेला परत यायचं तर मुखाजवळून, उलट्या वाऱ्यात यावं लागेल. अडीचला निघावं का?

---

पागवाला

दोनला निघा, म्हणजे ओहोळावर अर्धा तासच मिळतो. नाहीतर आयोजकांना आत्ताच विचारा की मोजणी गोराई जेट्टीवर घेता येईल का. बाकीच्या होड्याही तिकडेच असणार, कुणी नाही म्हणेल असं वाटत नाही. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. आणि त्याच वेळी तांडेलकाकांना फोन करा. कोळीवाड्यातली होळी आहे, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते होडीवर असतील ना, एवढं आधी विचारून घ्या.