मदत हवी आहे : जुन्या ड्रोनची नोंदणी आता कशी करावी?

नमस्कार. माझ्याकडे २०१८ साली घेतलेला, सुमारे ४३० ग्रॅम वजनाचा ड्रोन आहे. त्याचे जीएसटीसह बिल जपून ठेवले आहे. खानापूर तालुक्यातील स्वतःच्या उसाची पाहणी, एवढाच त्याचा उपयोग. वजन २५० ग्रॅमपेक्षा अधिक असल्याने नॅनो गटाची सवलत लागू नाही, आणि शेत बेळगावच्या सांबरा विमानतळापासून बरेच दूर असल्याने विमानतळाच्या प्रतिबंधित हद्दीची अडचण नाही.

२०२१ च्या ड्रोन नियमांत ३० नोव्हेंबर २०२१ पूर्वी आयात झालेल्या ड्रोनच्या ठरावीक मुदतीत नोंदणीची तरतूद होती, परंतु ती मुदत माझ्या अज्ञानामुळे हुकली, याची खंत वाटते. आता अर्ज भरताना टाइप सर्टिफिकेटचा (ते मॉडेल मंजूर असल्याच्या प्रमाणपत्राचा) क्रमांक मागितला जातो, जो या मॉडेलला नाही. विक्रेत्याला दोनदा लिहिले, उत्तर नाही. नोंदणीविना उडवायचे नाही. अशा जुन्या ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक मिळवण्याचा मार्ग आज खुला आहे का, आणि असल्यास कोणत्या अर्जाने?