सबमिट, परमिट, ॲडमिट एका घरातले, मग व्हॉमिट पण त्यातलंच का?

चिंचवडची_ताई
नमस्कार मंडळी. मी घरी आठवी-नववीच्या मुलांच्या इंग्लिशच्या ट्यूशन घेते, सगळी सेमीची मुलं आहेत आणि स्पेलिंग म्हटलं की घाबरतात, म्हणून यावेळी शब्द सुटे सुटे न देता घराण्याने द्यायचे असं ठरवलं. पहिलं घराणं घेतलं लॅटिनमधल्या मित्तेरे या क्रियापदाचं, अर्थ पाठवणे. फळ्यावर सबमिट, परमिट, ॲडमिट, ट्रान्समिट, मिशन, मिसाइल, मेसेज लिहिलं, मुलं खूश. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला टीचर मग व्हॉमिट पण लिहा ना, पोटातलं बाहेरच पाठवतो आपण. लगेच दुसरी म्हणाली लिमिट, समिट. मला तिथल्या तिथे उत्तर देता येईना, बघून सांगते म्हटलं. आणि खरं सांगायचं तर प्रॉमिस या घराण्यात कसं आलं तेही मला नीट कळलेलं नाही, वचन आपण देतो, पाठवतो कुठे? शनिवारी क्लास आहे, कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज, मुलांना चुकीचं शिकवायचं नाहीये मला.

जुनी_भाषा_नवा_छंद
ताई, त्या मुलाला शाबासकी द्या, विचार बरोबर केलाय त्याने, पण व्हॉमिट या घराण्यातलं नाही. लॅटिनमध्ये ओकण्यासाठी वोमेरे असं वेगळंच क्रियापद आहे, आणि गंमत म्हणजे ते आपल्या वमनचं सख्खं नातेवाईक आहे, संस्कृत वम् आणि लॅटिन वोमेरे एकाच मुळातून आलेत. म्हणजे व्हॉमिट परमिटचा कोणी नाही पण वमनाचा भाऊ आहे! लिमिट आलंय लीमेस वरून, म्हणजे शेताचा बांध, हद्द. समिट सुम्मुस वरून, सगळ्यात वरचा. हर्मिट, म्हणजे एकांतात राहणारा साधू, तो तर ग्रीक, निर्जन जागेवरून आलेला. नुसतं शेवटी मिट दिसलं म्हणून घरात घ्यायचं नाही.

मुलांना ओळखायला एक सोपी युक्ती. शब्दातल्या मिटच्या जागी मिशन लावून बघायचं. परमिट-परमिशन, ॲडमिट-ॲडमिशन, ओमिट-ओमिशन, सबमिट-सबमिशन, एमिट-एमिशन, रेमिट-रेमिशन. लिमिटचं लिमिटेशन होतं, लिमिशन कोणी म्हणत नाही. व्हॉमिशनही कोणी म्हणत नाही. लॅटिनमध्ये मित्तेरेचं भूतकाळी रूप मिस्सुम आहे, त्यातला डबल एस मिशन, मेसेज, डिसमिस सगळ्यात उतरलाय. स्पेलिंगच्या दृष्टीने आणखी एक, परमिटेड, सबमिटेड, ॲडमिटेडला डबल टी कारण बोलताना जोर शेवटच्या मिटवर पडतो, लिमिटेड आणि व्हॉमिटेडला एकच टी कारण तिथे जोर सुरुवातीला. कमिटमेंटला मात्र परत एकच, कारण पुढचा मेंट व्यंजनाने सुरू होतो. आणि कमिटला दोन एम पण ओमिटला एकच, ते का, तर कमिटमध्ये पहिला एम कॉम या उपसर्गाचा आणि दुसरा मित्तेरेचा, ओमिटमधल्या उपसर्गात एम नव्हताच.

संस्कृत_मास्तर
वरचं उत्तर छान आहे पण मला वाटतं ताईंची खरी अडचण "पाठवणे" या अर्थामुळे झालीये. मित्तेरेचा अर्थ पाठवणे तर आहेच पण सोडणे, जाऊ देणे, फेकणे हेही आहे. मुलांना पाठवणे सांगू नका, सोडणे सांगा आणि बघा काय होतं. बाण सोडला तर मिसाइल. वॉचमनने आत सोडलं तर ॲडमिट. पेपरात एक प्रश्न सोडला तर ओमिट. गाडी धूर सोडते ते एमिशन, पीयूसीवाले तेच मोजतात. मुलांना सोडलं, वर्ग सुटला, तो डिसमिस. दंड सोडून दिला, शिक्षेत सूट दिली, ते रेमिशन, आणि आजाराचा जोर सुटतो त्यालाही डॉक्टर रेमिशनच म्हणतात. रोमन लोक गुलामाला मुक्त करायचे त्याला मॅन्युमिशन, शब्दशः हातातून सोडणं. इंग्रजीतल्या सेंडने हे सगळं धरता येत नाही पण आपल्या सोडणेने येतं, म्हणून मला हा धातू मराठीतून शिकवायला फार आवडतो.

आता प्रॉमिस. प्रो म्हणजे पुढे. तोंडातून शब्द पुढे सोडला, आता त्याच्या मागे जाणं आलं. त्याच्यावर आणखी एक उपसर्ग चढला की कॉम्प्रोमाइज. आज आपण त्याला तडजोड म्हणतो पण मूळ अर्थ असा की भांडणाऱ्या दोघांनी मिळून शब्द द्यायचा की पंच जो निवाडा करेल तो मान्य. आपल्या गावातली पंचांपुढची पद्धत आठवा, तीच.

नववीला संस्कृत असेल त्यांना हृ धातू आठवायला सांगा, आहार, विहार, प्रहार, संहार. एकच धातू, उपसर्ग बदलला की जेवणापासून नाशापर्यंत कुठेही. हे तंत्र त्यांना आधीच येतं, फक्त इंग्रजीतही तेच चाललंय हे कोणी सांगत नाही.

पासबुकवाले_काका
मी बँकेत ३४ वर्षं काढली, रेमिटन्स, रेमिटर, कमिशन हे शब्द रोज लिहिले पण हे एकाच मुळाचे आहेत हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ताई शनिवारी मुलांना १०० ची नोट दाखवा, त्यावर आय प्रॉमिस टू पे द बेअरर असं छापलेलं असतं आणि खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही. १ रुपयाच्या नोटेवर हे वाक्य नसतं कारण ती भारत सरकार काढतं, सही वित्त सचिवांची असते. वचनाचा शब्द खिशात घेऊन फिरतो आपण आणि वाचत नाही.

चिंचवडची_ताई
अहो किती छान सांगितलंत सगळ्यांनी, सोडणे हे तर मी आत्ताच वहीत लिहून ठेवलं. मास्तर, कमिटी सोडणेत कशी बसवू? आणि एका मुलीने मिस पण विचारलं होतं, बस मिस झाली मधलं.

संस्कृत_मास्तर
कमिटमध्ये काम कोणाच्या तरी हाती सोडणं आहे, आपण सोपवणं म्हणतो ते. ज्याच्यावर सोपवलं तो कमिटी, पूर्वी हा शब्द एकाच माणसाला लागायचा, मंडळ हा अर्थ नंतरचा. बस मिस झाली मधलं मिस इंग्रजीचं स्वतःचं जुनं जर्मानिक आहे, आणि बाईंना म्हणतात ते मिस मिस्ट्रेसचं छोटं रूप. दोन्ही बाहेर ठेवा.

म्हापशेकार
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे रविवारी चर्चमध्ये जातात ती मीस, इंग्लिशमध्ये मास, तीही याच घरातली. लॅटिनमधल्या प्रार्थनेच्या शेवटी पाद्री म्हणायचे ईते, मिस्सा एस्त, म्हणजे जा आता, सोडलं तुम्हाला. त्यातल्या मिस्सा या शब्दावरून पूर्ण विधीलाच मिस्सा नाव पडलं, पोर्तुगीजमध्येही मिस्साच. ख्रिसमसमधला मस तोच. फिजिक्समधलं मास मात्र वेगळं, ते कणकेच्या गोळ्यावरून आलंय, मुलं हमखास विचारतील म्हणून सांगून ठेवतो.

जुनी_भाषा_नवा_छंद
म्हापशेकार, मस्त! मग मेस राहिली की. मुलांच्या भावा-बहिणींनी पुण्यात मेस लावलेली असेलच. लॅटिनमध्ये जेवणातल्या एका वाढीला मिस्सुस म्हणत, स्वयंपाकघरातून पानावर सोडलेला पदार्थ. जुन्या फ्रेंचमधून तो मेस झाला, मग एकत्र जेवणारी मंडळी म्हणजे मेस, तिथून सैन्याची मेस आणि मग आपली डबेवाली. पसारा या अर्थाचा मेस पण हाच शब्द, आधी कालवलेलं मिसळलेलं अन्न आणि मग कुठलाही गोंधळ.

चिंचवडची_ताई
मेस!! माझा मोठा मुलगा मेसलाच जेवतो, त्याला आत्ताच फोन करून सांगितलं. शनिवारी फळ्याच्या मधोमध सोडणे लिहिणार आहे, आणि व्हॉमिटवाल्या मुलाला वमन शब्दकोशात शोधायला लावणार.