पावसाळ्यात वर्ग बंद, मुलं पेंगतात: पंखे घ्यावेत की एसी?

सत्तरीची शिक्षिका
गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. मुलं ३६, खोली साधारण २० बाय २५ फूट. जून लागला की झड थेट पहिल्या बाकापर्यंत येते, म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात. ओले रेनकोट, छत्र्या, मोजे सगळं वर्गातच. दुसरा तास संपेस्तोवर खोली कोंदते, मुलं जांभया देतात, डोकं दुखतं म्हणतात. एका मुलीला दमा आहे. पावसाळ्यात तिची जागा सारखी रिकामी दिसते आणि मला ते बघवत नाही. पालकसभेत आणखी दोन पंखे बसवायचं चाललंय, काहीजण एसी म्हणतात. पैसे एकदाच मिळणार आहेत. कशावर घालू?

विजेची कामं करणारा, फोंडा
टीचर, दोन्ही थांबवा. छताचा पंखा आतलीच हवा फिरवतो. स्प्लिट एसीही तेच करतो, बाहेरची हवा घेत नाही. वर एसी लागला की दारसुद्धा बंद! तुम्हाला बारा इंची, आतली हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा हवा. चांगल्या कंपनीचा ताशी हजार घनमीटरपेक्षा जास्त हवा ओढतो, तुमच्या खोलीला पुरे. पण तो उंचावर बसवा आणि हवा आत यायची वाट समोरच्या भिंतीत ठेवा. शेजारचीच खिडकी उघडी राहिली तर हवा तिथूनच आत येऊन तिथूनच बाहेर जाईल, मागच्या बाकावरच्या पोरांना काही मिळणार नाही. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्या भिंतीला एक्झॉस्ट नको.

निवृत्त गुरुजी, डिचोली
आधी वर बघा. खिडक्यांच्या वरचे व्हेंटिलेटर बुजवलेले आहेत का? पाखरं येतात म्हणून पुठ्ठे ठोकतात आणि मग ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. गरम हवा वर चढते, तिची वाट तीच. जुन्या कौलारू शाळेत कौलांच्या फटींतून वारा खेळायचा. पडवीला माडाच्या चुडतांची झडी लावली की पाऊस अडायचा आणि हवा चालू राहायची. आता स्लॅब आले, लाकडी झडपा जाऊन सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्या. त्या कितीही सरकवा, अर्धीच उघडते. खिडकीवर पत्र्याचं छप्पर दोन फूट पुढे काढून घ्या, झडीतही ती थोडी उघडी ठेवता येईल.

एक पालक, म्हापसा
सभेत सांगून कोणी ऐकत नाही, आकडा दाखवा. कार्बन डायऑक्साइडचा मीटर कोणाकडून तरी मागून आणा, मात्र एनडीआयआर सेन्सरचाच, म्हणजे अवरक्त प्रकाशाने थेट हा वायू मोजणारा. स्वस्तातले बरेच मीटर वासावरून अंदाज बांधतात. जवळ सॅनिटायझर धरला आणि आकडा उडाला तर तो मीटर कामाचा नाही. बाहेर साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतं. १००० च्या आत राहावं हा दंडक म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच घातला होता. हा वायू त्या प्रमाणात विष नव्हे, पण मुलं एकमेकांनी सोडलेलाच श्वास किती घेताहेत ते त्यावरून कळतं. सर्दी-खोकला एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो त्याच हवेतूनही.

सत्तरीची शिक्षिका
सगळ्यांचे खूप आभार. ओळखीतल्या एका प्राध्यापकांकडून मीटर मिळाला. बाहेर ४३०, आणि खिडक्या-दार बंद असताना दुसऱ्या तासाच्या शेवटी २३०० च्या वर! गुरुजी, व्हेंटिलेटरवर खरंच पुठ्ठे होते. ते काढून व्हरांड्याकडचं दार उघडं ठेवलं तर १४०० वर आलं, एक रुपया खर्च न करता. आकडे फळ्यावर लिहून ठेवलेत, मुलंच आता दार लावू देत नाहीत. रेनकोट-छत्र्या व्हरांड्यात दोरीवर. एसीचा विषय सभेत निघाला तेव्हा मी सरळ विरोध केला. एक्झॉस्ट आणि पत्र्याचं छप्पर एवढंच मागितलंय. कपाटामागे काळी बुरशी आहे, ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढलंय.

वायरमनदादा, एक्झॉस्ट बंद असताना त्यातून पाणी आत येऊ नये म्हणून काय लावतात?

विजेची कामं करणारा, फोंडा
बाहेरून पडत्या पात्यांचं शटर. हवेच्या जोराने उघडतं, पंखा थांबला की आपोआप मिटतं. प्लास्टिकचंच घ्या, आपल्या दमट हवेत लोखंडी लगेच गंजून अडकतं.