मदत हवी आहे: तीनचाकी सायकलचे पितळी हब बनवलेत पण तारा तुटतायत

टांगेवाल्याचा_पोर
नमस्कार मंडळी. घरी तीनचाकी सायकल बनवतोय, पुढे एक चाक मागे दोन. मागच्या दोन्ही चाकांचे हब (चाकाचा मधला भाग, ज्यात तारा अडकतात) स्वतः डिझाईन करून पितळेत बनवून घेतलेत, कमळाच्या पाकळ्यांचे, दिसायला एक नंबर झालेत. पण तारा तुटतायत. चार दिवसात सात गेल्या. सायकलवाला म्हणाला तार हलकी आहे म्हणून दुसऱ्या आणल्या, त्यापण तुटल्या. कोणत्या कंपनीची तार घेऊ आणि सांगली-मिरजेत कुठे मिळेल एवढंच सांगा. दसऱ्याला बारा दिवस राहिलेत, खंडेनवमीला गाडी पूजेला उभी करायचीच आहे.

पेडलमारू
चाक किती इंची? तार किती गेजची? तुटते कुठे, रिमकडच्या टोकाला निपलपाशी की हबपाशी वाकते तिथे? हे कळल्याशिवाय कंपनी सांगून काय उपयोग. फोटो टाका.

नटबोल्ट
पितळ कशाला वापरलंत? अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं ते. 6061 अ‍ॅल्युमिनियमचा बार घ्या, लेथवर फिरवा, वरून सोनेरी अ‍ॅनोडायझिंग करा, लांबून कुणाला फरक कळणार नाही.

टांगेवाल्याचा_पोर
@पेडलमारू चाक वीस इंची, तार 14 नंबर, हबपाशी वाकते तिथेच तुटते. फोटो चढत नाहीयेत, फाईल मोठी आहे म्हणतंय.
@नटबोल्ट पितळच पाहिजे. कारण घरचं आहे, नंतर सांगतो.

जुना_टर्नर
तारेचं सोडा आधी. चौतीस वर्षं लेथवर काढलीत, तार दोनदा बदलून पुन्हा त्याच जागी तुटते तेव्हा दोष हबात असतो. मला एवढं सांगा: हब ओतीव आहे की बारमधून काढलाय, तारा अडकतात त्या चकतीची जाडी किती, तारेचं भोक कितीचं मारलंय, भोकापासून चकतीच्या काठापर्यंत किती धातू उरलाय. आणि तुटणाऱ्या तारा दोन्ही चाकांच्या आहेत की एकाच?

शिरोळचा_शेतकरी
ओतीव घेतलं असेल तर कोल्हापूरला उद्यमनगरात विचारा, लाकडी पॅटर्न दिला की ओतून देतात. आमच्या बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला भाग, बाभळीचा असायचा, त्यात आरे ठोकलेले, वरून लोखंडी धाव तापवून चढवायचे आणि लगेच पाणी मारायचे म्हणजे ती आवळून बसायची. पिढ्यानपिढ्या चालली ती चाकं. एकदा तुम्ही लाकडी आऱ्यांचा विचार करा, तारेची कटकटच नाही.

पेडलमारू
शेतकरीदादा, आरे बरोबर उलटं काम करतात. बैलगाडीत खालचा आरा वजन दाबून धरतो. सायकलची तार दाबली की वाकते, ती कायम ताणलेली असावी लागते. लाकडी तुंब्याचं गणित इथे लागू होत नाही.

शिरोळचा_शेतकरी
ते मला माहितीये. पर्याय म्हणून सांगितलं. गाडी वडीलधाऱ्या माणसासाठी असेल तर मजबूत चाक हवं, सुबक नंतर.

वॉट_अवर
यात 250 वॉटची हब मोटर बसवा सरळ. हबचा प्रश्नच मिटतो. माझ्या काकांना करून दिलीये, 36 व्होल्टची बॅटरी सीटखाली.

नटबोल्ट
त्यांनी मोटर विचारलेली नाही. आणि मोटरच्या हबलाही तारा असतातच.

टांगेवाल्याचा_पोर
@जुना_टर्नर काका, हब पितळेच्या बारमधून, ओतीव नाही. चकती 3 मिमी. भोक 3.2 चं, कारण ड्रिल तेच होतं हाताशी. भोकांचं वर्तुळ 62 मिमी आणि चकतीचा बाहेरचा व्यास 68. दर दोन भोकांच्या मध्ये पाकळीचा खाच कापलाय. हो, तारा फक्त उजव्या चाकाच्या तुटतायत. डाव्याची एक पाकळी तडकलीये पण तार एकही नाही.

पेडलमारू
उजव्या चाकाला चेनची ओढ आहे का? म्हणजे एक्सलला उजवं चाक फिक्स आणि डावं मोकळं?

टांगेवाल्याचा_पोर
हो अर्थात. 20 मिमीचा एक्सल, यूसीपी 204 चे दोन बेअरिंग ब्लॉक, उजवं खाचेतल्या चावीने एक्सलला पक्कं, डावं 6004 बेअरिंगवर मोकळं. नाहीतर वळणार कशी गाडी.

पेडलमारू
हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं होतं! आणि तारा कशा विणल्यात?

टांगेवाल्याचा_पोर
सरळ. सूर्याच्या किरणांसारख्या, क्रॉस न करता. क्रॉस केल्या की पाकळ्या झाकल्या जातात.

जुना_टर्नर
मिळालं. आता नीट वाचा. चेन एक्सलला फिरवते, एक्सल हबला, आणि हबने रिमला ओढायचं असतं. सरळ तार ती ओढ देऊच शकत नाही, आधी हब थोडा पुढे फिरतो, तारा तिरक्या होतात, मग कुठे रिम निघते. दर पेडलला हेच. त्यात 2 मिमीची तार 3.2 च्या भोकात, म्हणजे वाक भोकात खेळतोय, पुढे-मागे वाकून वाकून तुटणारच. डावं चाक मोकळं म्हणून तिथे तारा वाचल्या, पण सरळ तार चकतीला काठाकडे ओढते आणि तुमच्याकडे भोकाबाहेर धातू उरलाय जेमतेम 1.4 मिमी, त्यातही बाजूला खाच. म्हणून पाकळी तडकली. आणखी एक, दुचाकी वळताना झुकते, तीनचाकी झुकत नाही, वळणावर सगळा आडवा जोर चाकावर येतो. ह्या हबवर कुणाला बसवू नका. आजपासून.

स्टुटगार्टवासी
इथे एका बाजूने धरलेल्या चाकासाठी व्हीलचेअरचे हब वापरतात, अर्ध्या इंचाचा एक्सल, चाक बटण दाबून निघतं.

नटबोल्ट
त्यात ओढीची सोय नसते, ते मोकळं फिरणारं चाक आहे. डाव्याला चालेल, उजव्याला नाही. शिवाय बारा दिवसात मागवणार कधी.

टांगेवाल्याचा_पोर
वाचून बराच वेळ गप्प बसलो. काल संध्याकाळी आबांना गल्लीत एक फेरी मारून आणली होती ह्याच गाडीवर.
आता कारण सांगतो. आबा मिरज स्टेशनला टांगा हाकायचे. टांग्याच्या चाकाला मधोमध पितळी टोपी होती, ती रोज चिंचेने घासून मग बाहेर पडायचे. टांगा गेला, घोडी गेली, एक टोपी तेवढी घरात होती ती घर बदलताना हरवली. गुडघ्यांमुळे दोन चाकांची सायकल जमत नाही आता. म्हणून ही गाडी, आणि म्हणून पितळ. हब बदलायचे तर बदलतो पण पितळ दिसलं पाहिजे.

बोरीबंदर
मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या चाकांवरही असं पितळी काम असायचं. 2015 साली हायकोर्टाने त्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांच्या दृष्टीने योग्यच झालं, पण ते कारागीर आता काय करत असतील असं सारखं वाटतं.

जुना_टर्नर
हे आधी सांगितलं असतं तर पहिल्याच पोस्टीला उत्तर दिलं असतं. पोरा, टांग्याची टोपी कधीच वजन घेत नव्हती. वजन तुंबा घ्यायचा, टोपी वरून. तुम्ही दोन्ही कामं एकाच तुकड्यावर टाकलीत. हब ईएन 8 पोलादाचा करा, साधा, चकती 72 मिमी, भोकांचं वर्तुळ 62 च, भोक 2.6. एका चकतीला 18 भोकं, डिव्हायडिंग हेडवर (समान भाग पाडायचं साधन) दर भोकाला दोन फेरे आणि 18 च्या वर्तुळावर चार भोकं. दुसरी चकती पहिलीपेक्षा 10 अंश सरकवून. तुमच्या हबला दोन्ही चकत्यांची भोकं समोरासमोर आहेत का बघा, बहुतेक असतील. आणि पितळेची टोपी वेगळी करून बाहेरून तीन स्क्रूने बसवा. पाकळ्या करा, कमळ करा, काय वाट्टेल ते करा तिच्यावर.

पेडलमारू
सहमत. फक्त तीन क्रॉस करा, म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडून जाईल, आणि उजव्याला जाड 13 नंबर तार घ्या. जुन्या तारा चालणार नाहीत, तीन क्रॉसला सरळपेक्षा साधारण पावणेदोन सेंटीमीटर लांब लागेल. मोजून घ्या.

जुना_टर्नर
वीस इंची रिम आणि 62 चं वर्तुळ, दोन क्रॉस पुरे. तीनमध्ये निपल फार तिरकं बसतं. आणि 13 घेतलीत तर भोक 2.6 ऐवजी 2.8-2.9 लागेल, हे लक्षात ठेवा. मी 14 च चांगल्या ताणावर घेईन.

पेडलमारू
ओढीच्या चाकाला दोन क्रॉस मी नाही करणार. पण काकांचा अनुभव मोठा आहे. दोन केलेत तर तारेची लांबी वेगळी निघेल, आधी ठरवा मग कापा.

कसबा_पेठ
टोपीसाठी एक सुचवते. पुण्यात तांबट आळीत अजून मठारकाम होतं, हातोडीने ठोकून पत्र्यावर एकसारखे टिंब उठवतात, उजेडात चाक फिरताना फार सुंदर दिसतं. पितळी पत्र्याची वाटी ठोकून मागा, आतला व्यास कागदावर काढून द्या. जड नसते, पत्राच असतो.

टांगेवाल्याचा_पोर
ताई, मठार हा शब्द वाचून आबांना विचारलं. म्हणाले त्यांची टोपी तशीच होती, टिंबं टिंबं. मला पाकळ्या आठवत होत्या, त्या बाजूच्या टांग्याच्या होत्या म्हणे.
बार आज आणला. भोकं समोरासमोरच होती काका, तुम्ही म्हणालात तशी. दोन क्रॉस करतोय, 14 नंबर, भोक 2.6. जुने पितळी हब मोडीत देत नाहीये, ते वितळवून काही होईल का ते नंतर बघतो. टोपी पुण्याहून दसऱ्याच्या आत येणार नाही, तोवर साधी चकती लावून पूजा करतो.
एक शेवटचं: टोपी बाहेर रस्त्यावर काळी पडेल ना? लॅकर मारू?

कसबा_पेठ
मारू नका. चिंचेने घासणार असतील ते रोज, तर लॅकर आडवं येईल.