मदत हवी आहे: भिंतीतून टीव्हीची केबल टाकायचीये, आतली तार पूर्ण तांब्याचीच घेऊ का?

नमस्कार मंडळी,

घराचं काम चालू आहे, भिंती खोदून पाइप बसवून झालेत आणि पुढच्या आठवड्यात प्लॅस्टर, त्यामुळे जे काय ठरवायचं ते आत्ताच, नंतर परत भिंत फोडायची माझी तयारी नाही. गच्चीवर डिश आहे, तिथून हॉलपर्यंत वळणं धरून ३५ मीटर आणि आतल्या खोलीपर्यंत २२ मीटर भरतात, दोन्हीकडे वेगळा सेट टॉप बॉक्स.

आरजी-५९ ही बारीक जातीची केबल नको एवढं पक्कं केलंय. आधीच्या घरात तीच होती, जरा पाऊस आला की चित्र अडकायचं, पावसात सिग्नल आधीच पडतो आणि उरलेला त्या बारीक केबलमध्ये जायचा. आरजी-११ जाड, माझ्या पाइपच्या कोपऱ्यांतून वळणारच नाही. म्हणजे राहिली आरजी-६, ७५ ओहमवाली.

आता खरी अडचण. इलेक्ट्रिशियनने आणलेल्या केबलचा तुकडा सोलून बघितला, मधली तार तांबूस दिसते पण चुंबक लावला तर टचकन चिकटला, म्हणजे आत स्टील आणि वर तांब्याचा मुलामा. जाळीसुद्धा इतकी विरळ की खालची फॉइल सरळ दिसते. तो म्हणतो सिग्नल तारेच्या वरच्या पृष्ठभागावरूनच जातो, त्यामुळे काही फरक पडत नाही, आणि वाचलं तर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झला ते खरंही आहे. पण याच केबलमधून बॉक्स एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असलेला, सिग्नल पकडणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट डीसी पाठवतो ना, आणि डीसी तर अख्ख्या तारेतून जातो, तिथे अशा मुलाम्याच्या तारेचा रोध पूर्ण तांब्याच्या तारेच्या चार-पाच पट. ३५ मीटरला १८ चे व्होल्ट इतके खाली येतील का की एलएनबी गडबडेल? कोणी मीटर लावून मोजलंय का?

दुसरं, तो म्हणतो एकच केबल खाली आणू आणि हॉलमध्ये साधा स्प्लिटर लावू. माझ्या समजुतीप्रमाणे हे चालणार नाही, कारण एका बॉक्सने १३ मागितले आणि दुसऱ्याने १८ तर एलएनबी एकाच पोलरायझेशनवर (सिग्नलची उभी किंवा आडवी दिशा, ती या व्होल्टवरून ठरते) राहणार आणि दुसऱ्या खोलीत निम्मे चॅनल गायब. शिवाय स्प्लिटरमध्ये साडेतीन-चार डीबी सिग्नल जाणार ते वेगळंच. म्हणून दोन आउटपुटचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र केबली, मध्ये कुठेही जोड नाही, असं डोक्यात आहे. बरोबर आहे ना?

विजेच्या वायरींपासून पाइप वेगळा ठेवलाय, कनेक्टर पिळून बसवायचे नाहीत, कॉम्प्रेशनचेच घेणार. प्रत्येक पाइपात एक जादा दोरी सोडून ठेवतोय, पुढे केबल बदलावी लागली तर.

ज्यांनी स्वतःच्या घरात भिंतीतून केबल टाकलीये आणि काही वर्षं वापरलीये त्यांनी प्लीज सांगा, या अंतराला पूर्ण तांब्याची हवीच का, आणि दुहेरी शील्ड (फॉइल आणि जाळीचं आवरण) पुरते की चौपदरी घेऊ? प्लॅस्टरवाले सोमवारी येतायत.