पर्थ ते ॲडलेड मोटरसायकलने : नलारबॉरचे टप्पे कसे पाडावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या उत्तरार्धात मी आणि माझा मोठा भाऊ ऑस्ट्रेलियात पर्थहून ॲडलेडला मोटरसायकलने जायचं ठरवतोय. दोघांच्या दोन गाड्या, पर्थला भाड्याने घ्यायच्या आणि ॲडलेडला सोडायच्या. एकूण अंतर साधारण २७०० किमी. त्यातला नॉर्समन ते पोर्ट ऑगस्टा हा नलारबॉरच्या ओसाड मैदानातून जाणारा आयर हायवेच १६६० किमीच्या आसपास आहे आणि माझे जवळजवळ सगळे प्रश्न त्या पट्ट्याबद्दल आहेत.

थोडी पार्श्वभूमी सांगते. दादा एकसष्ट वर्षांचा आहे. गाडी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली चालवतो, घाटात त्याच्या मागे राहताना माझीच दमछाक होते. पण अलीकडे त्याच्या उजव्या हाताला मुंग्या येतात आणि थकला तरी तो बोलत नाही. चहाला थांबलो की हातमोजा काढून तो डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करतो, त्यावरून मला कळतं. घाटात क्लच, ब्रेक, अंग सगळं हलत राहतं. इथे बॅलडोनिया ते कायगुना या टप्प्यात १४६.६ किमी रस्ता एकही वळण न घेता जातो. तासभराहून जास्त वेळ थ्रॉटल एकाच कोनात धरून ठेवायचा, त्याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती आहे.

गाड्या ६५० सीसीच्या रॉयल एनफिल्ड मिळतायत, टाकी १३.७ लिटरची. लायसन्स स्मार्ट कार्ड आहे, इंग्रजीत आहे, गिअरच्या मोटरसायकलची नोंद त्यावर आहे. शिवाय निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेणार आहोत. डावीकडून वाहतूक, त्यामुळे तो प्रश्न नाही.

दादाने आखलेले टप्पे असे : पर्थ ते नॉर्समन (७२० किमी), नॉर्समन ते युक्ला (७१०), युक्ला ते सेडूना (जवळपास ५००), सेडूना ते ॲडलेड (७८०). त्याचं म्हणणं, रस्ता सरळ आणि रिकामा आहे, वेगमर्यादा ११०, मग दिवसाला सातशे काय अवघड? मला हे पटत नाहीये, पण त्याला पटवण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. हे टप्पे योग्य आहेत का? पेट्रोल वेगळं सोबत न्यावं लागेल का? आणि मध्ये काही झालं तर मदत कशी मागायची? हा रस्ता दुचाकीने केलेल्या कुणी लिहिलं तर फार उपकार होतील. कारने गेलेल्यांचे अनुभव भरपूर वाचले, पण वाऱ्याबद्दल ते कुणीच लिहीत नाहीत.

प्रतिसाद : लांबपल्ला

ताई, तुमची शंका रास्त आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात राहतो आणि हा रस्ता दोन्ही दिशांनी केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या रस्त्यावर दिवस किलोमीटरवर मोजू नका, उजेडावर मोजा. कांगारू, एमू, वोंबॅट आणि उंट, हे सगळे तिथे मोकळे फिरतात आणि त्यांची रस्त्यावर येण्याची वेळ म्हणजे पहाट आणि संध्याकाळ. कारवाल्याची बोनेट चेपते, आपलं तसं नाही. त्यामुळे सूर्य चांगला वर आल्यावर निघायचं आणि मावळायच्या तासभर आधी खोलीवर पोचलेलं असायचं. भाड्याचा करारही नीट वाचा. अंधार पडल्यावर प्राण्याला धडकून झालेलं नुकसान काही करारांत भरून मिळत नाही.

आता यात घड्याळाची गडबड मिसळा. पूर्वेला जाताना वेळ पुढे सरकते. कायगुनापासून सीमेपर्यंतची रोडहाऊस (हायवेवरची पेट्रोल, जेवण आणि मुक्कामाची ठिकाणं) पर्थच्या ४५ मिनिटं पुढचं स्वतःचं घड्याळ पाळतात आणि साउथ ऑस्ट्रेलियात शिरलात की आणखी ४५ मिनिटं जातात. म्हणजे वाटेत दीड तास हातचा गेला. बरीच रोडहाऊस रात्री बंद होतात, ती त्यांच्या घड्याळाने.

म्हणून दादांचा नॉर्समन-युक्ला टप्पा मोडाच. मी असा करीन : पर्थ ते कूलगार्डी किंवा कॅलगुर्ली. दुसऱ्या दिवशी बॅलडोनिया. तिसऱ्या दिवशी युक्ला, हा सव्वापाचशेच्या आतबाहेरचा सगळ्यात मोठा दिवस, सरळ रस्ता यातच येतो, पण सकाळी ताज्या अंगाने. चौथा दिवस मुद्दाम छोटा ठेवा, युक्ला ते नलारबॉर रोडहाऊस, दोनशे किमीसुद्धा नाही. वाटेत बुंडा नावाचे उभे कडे लागतात, जमीन एकदम संपते आणि खाली समुद्र. रोडहाऊसच्या थोडं पुढे हेड ऑफ बाइट आहे, सप्टेंबरमध्ये तिथे सदर्न राइट जातीचे देवमासे पिल्लांसह दिसतात. ते बघायला वेळ ठेवला नाही तर तुम्हाला आयुष्यभर रुखरुख लागेल, हे मनापासून सांगतो. मग सेडूना, मग किंबा, मग ॲडलेड. खोल्या आधी ठरवून ठेवा, एका रोडहाऊसवर जागा नसेल तर पुढचं शंभर-दीडशे किमीवर असू शकतं.

सेडूनाला पूर्वेकडे जाणाऱ्यांची तपासणी होते, फळं-भाज्या तिथवर संपवून टाका.

प्रतिसाद : ट्यूबवाला

पेट्रोलचं गणित मांडतो. सगळ्यात मोठी अंतरं म्हणजे नॉर्समन-बॅलडोनिया, बॅलडोनिया-कायगुना आणि सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेजपासून नलारबॉर रोडहाऊस. तिन्ही १८० ते १९५ किमीच्या दरम्यान. १३.७ लिटरला २५ चा ॲव्हरेज धरला तर ३४० किमी. समोरून वारा आणि ११० चा वेग असेल तर ॲव्हरेज २० वर आला समजा, तरी २७० किमी हाताशी आहेत. कॅन बांधायची गरज नाही, अट एकच : प्रत्येक मोठ्या अंतराआधी टाकी गळ्यापर्यंत. वारा फार वाटला तर ९० वर या, ॲव्हरेजही सुधारतो आणि मानही सुटते.

वाऱ्याचं म्हणाल तर आडवा वारा जास्त दमवतो. गाडी सतत किंचित कललेली ठेवून सरळ जायचं असतं. दोन ट्रेलरच्या रोड ट्रेन, म्हणजे लांबलचक ट्रक, समोरून जातात तेव्हा आधी हवेचा धक्का बसतो आणि लगेच पोकळी येते. त्या दिसल्या की लेनच्या डाव्या भागात या, टाकीला गुडघे लावा, हँडल सैल धरा. दुपारनंतर सूर्य तुमच्या पाठीशी असेल, तुम्हाला बरं वाटेल, पण समोरच्या ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत असतो. तुम्ही त्याला दिसत नाही असं धरूनच चालवा.

तुमच्या गाडीला तारांची चाकं असतील तर आत ट्यूब आहे. मग वाती भरायचं पंक्चर किट काही कामाचं नाही. कंपनीला आजच विचारा : चाक कुठलं, सुट्या ट्यूब आणि टायर लीव्हर देणार का, राज्याची सीमा ओलांडायला लेखी परवानगी आहे का. आणि भारतातून हेल्मेट नेणार असाल तर नुसता आयएसआय शिक्का तिथे चालत नाही, ऑस्ट्रेलियन मानकाचं किंवा ईसीई या युरोपीय मानकाचं २२.०५ किंवा २२.०६ असं लेबल हवं.

प्रतिसाद : सावकाश

मदतीबद्दल : दोन रोडहाऊसच्या मध्ये बराच काळ मोबाइलला रेंज नसते. ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटाचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र, भाड्याने मिळतो, तो घ्या. चालू केला की उपग्रहामार्फत थेट बचाव केंद्राला कळतं. सोबत छोटा यूएचएफ रेडिओ असला तर चॅनल ४० वर ट्रकवाले बोलत असतात, तिथे हाक मारता येते. रेंज असेल तिथे ००० हा आपत्कालीन नंबर. वाटेत हायवेवरच पांढरे पट्टे रंगवलेल्या धावपट्ट्या दिसतील, तिथे फ्लाइंग डॉक्टरांचं, म्हणजे विमानाने येणाऱ्या वैद्यकीय सेवेचं, विमान उतरतं. फोटोसाठी त्यांच्यावर थांबू नका.

दादांच्या हाताबद्दल : मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात ते डॉक्टरांना दाखवूनच निघा. अंगठा आणि पहिली दोन बोटं असतील तर मनगटातली नस दबत असू शकते, करंगळीकडे असतील तर तळहाताच्या कडेचा दाब. थ्रॉटलवर तळहात टेकवायची प्लास्टिकची पट्टी मिळते, ती दोन मिनिटांत बसते, तिने मूठ आवळावी लागत नाही. पण ती मनगटाला चुकून लागली तर गाडी उचल खाते, म्हणून आधी मोकळ्या रस्त्यावर सवय करून घ्यावी.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. सगळे प्रतिसाद दादाला वाचून दाखवले. पेट्रोलच्या गणितावर तो काही बोलला नाही, घड्याळाच्या दीड तासावर मात्र थांबला आणि नकाशा पुन्हा उघडला. नॉर्समन-युक्ला टप्पा मोडायला तयार झालाय. बॅलडोनिया आणि नलारबॉर इथल्या खोल्यांसाठी मी आज ईमेल पाठवले. डॉक्टरांची वेळही घेतली आहे. मुंग्या अंगठ्याकडेच येतात, असं विचारल्यावर त्याने सांगितलं.

भाडे कंपनीचं उत्तर आलं : तारांची चाकं, आत ट्यूब. सुट्या ट्यूब देतील, लीव्हर आमचे आम्ही आणायचे. त्यामुळे आता एक प्रश्न उरलाय. रस्त्याकडेला मागचं चाक काढून ट्यूब बदलायची तर या गाडीला मधला स्टँड आहे म्हणतात, पण सामान लादलेलं असताना दोघांनी मिळून ती मऊ मातीवर स्टँडवर कशी घ्यायची? स्टँडखाली फळी ठेवतात का कुणी? निघण्याआधी घरी एकदा पूर्ण चाक काढून बघणार आहोत, तेव्हा क्रम कळला तर बरं होईल.