कोरड्या रस्त्यावर ऑल-व्हील ड्राइव्हचा खरंच उपयोग होतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मारुतीची ग्रँड व्हिटारा (पेट्रोल) घ्यायचं नक्की झालंय, घोडं अडलंय ते ऑलग्रिपपाशी (तिची ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना). साताऱ्याहून महिन्यातून दोनदा उंब्रज-पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जातो, सासुरवाडी तिकडे. भर पावसात घाटात जात नाही (आई सोडतच नाही). म्हणजे चालवणं बहुतेक कोरड्या डांबरावरच.

शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, कोरड्यावरपण गाडी चिकटून चालते." चिकटून म्हणजे काय, विचारल्यावर माहितीपत्रक चाळायला लागला.

माझा तर्क असा. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्ये ओढायचंही त्यांनीच आणि वळायचंही त्यांनीच. परतताना पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या. हेअरपिनवर पहिला गिअर टाकून रेस दिली की आताच्या हॅचबॅकचं आतलं चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी वळण सोडून बाहेर जाऊ बघते. मागच्या चाकांनी हात लावला तर हे थांबेल ना? की १०३ पीएस ताकदीच्या इंजिनाला कोरड्या डांबरावर दोन चाकं पुरेत? अ‍ॅव्हरेजही कंपनीच्याच आकड्यांत कमी होतं.

दुसरं, मित्र थारवाला. तो म्हणतो कोरड्या रस्त्यावर ४एच (थारचा चारही चाकं चालवायचा मोड) टाकायचंच नाही. मग ऑलग्रिपला कसं चालतं?

प्रतिसाद १
थारमध्ये ४एच टाकलं की पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद नेणारे शाफ्ट एकमेकांना जखडतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. चिखलात टायर घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर निघत नाही, सगळा ताण शाफ्ट-गिअरवर येतो. ऑलग्रिपमध्ये मधे क्लच असतो, तो लागेल तेवढीच ताकद मागे सोडतो. ऑटोवर ठेवा आणि विसरा. लॉक मोड (तो क्लच घट्ट धरून ठेवणारा) मात्र कोरड्यावर नको.

तुमचा तर्क बरोबर आहे, पण फायदा रेस दिल्यावरच. घाट उतरताना, ब्रेक मारताना काही फरक नाही, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. उलट गाडी थोडी जडच. आणि एक टायर गेला तर नवा-जुना जोडीला चालवू नका, व्यास वेगळा झाला की तो क्लच उगाच राबतो.

बाकी, झिजलेल्या टायरनेही चाक जागच्या जागी फिरतं. आताच्या गाडीचे टायर किती चाललेत?

धागाकर्ता
धन्यवाद! टायर ५२ हजार किमी चाललेत. हे लिहायचं राहिलं... बायकोही टायरचंच म्हणत होती.

तरी विचारतो, साधी टू-व्हील ड्राइव्ह ग्रँड व्हिटारा भरून कुणी कुंभार्ली चढलंय का? आतलं चाक फिरतं का तिचं?